जादूची किंमत कोणी मोजायची? (मुंबईत घडणाऱ्या एका मराठी फॅन्टसीच्या निमित्ताने)

सुरंगी (धागाकर्ती)

सध्या एक कादंबरी लिहितेय. आजच्या मुंबईतली, लालबाग-चिंचपोकळीच्या गणपतीच्या कारखान्यांत घडणारी, आणि तिच्यात जादू आहे. खर्डा निम्म्यावर आलाय आणि एका प्रश्नापाशी अडून बसलाय. इथे फॅन्टसी मनापासून वाचणारे बरेच जण आहेत, म्हणून सरळ इथेच विचारते.

आधी कथानक. नायिका पंचविशीची, मामाच्या कारखान्यात लहानाची मोठी झालेली. तिला आखणी करायचीय. ज्यांचा या कामाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी: मूर्तीचं रंगकाम पुरं झालं की शेवटी डोळे रेखतात, ती आखणी. कारखान्यात कारागीर कितीही असोत, आखणीचा ब्रश एखाद-दुसऱ्याच्याच हाती असतो. मामा तिला मुकुटाचे खडे चिकटवू देतो, शेल्याची किनार रंगवू देतो, डोळ्यांपाशी जाऊ देत नाही. मग तिला एक विद्या मिळते (कशी, ते पुस्तकात). त्या विद्येने रेखलेले डोळे बघतात. समोर जो उभा राहील त्याला वाटतं, एवढ्या गर्दीत देवाने नेमकं मलाच पाहिलं. रांगेत तासन्‌तास ताटकळून आलेल्या माणसाला यापरतं काय हवं? तिचं नाव होतं, मोठी मंडळं दाराशी येतात, आणि तिला आता दरवेळी आधीच्यापेक्षा सरस, निर्दोष डोळे रेखायचेत. किंमत अशी की प्रत्येक आखणीमागे कुणाची तरी नजर थोडी मंदावते.

कुणाची? इथे अडलेय.

फॅन्टसीतली मळलेली वाट म्हणजे जादू करणाऱ्याने स्वतःचं काहीतरी गमवायचं. आयुष्याची वर्षं, आठवणी, रक्त. वाचकाला ते न्याय्य वाटतं, कारण हिशेब जागच्या जागी मिटतो. पण मला जगात असं होताना दिसत नाही. परिपूर्णतेचं बिल ज्याला ती हवी असते त्याच्या नावावर क्वचितच फाटतं. आदिपर्वात बघा. एकलव्याचा अंगठा कुणाच्या परिपूर्णतेसाठी गेला? अर्जुनाच्या. 'माझ्यापेक्षा सरस शिष्य होणार नाही असं म्हणाला होतात ना?' हे द्रोणांना एकांतात गाठून विचारणारा अर्जुनच. अंगठा तुटल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पहिला वेग राहिला नाही, आणि अर्जुनाचा ताप उतरला असं व्यास म्हणतात. ताप! महत्त्वाकांक्षेला इतकं नेमकं नाव मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ययातीचंही तेच. शाप त्याला, म्हातारपण भोगलं पुरूने.

तर माझी नायिका स्वतः आंधळी होणार नाही एवढं नक्की. किंमत दुसऱ्यावर पडेल. प्रश्न दोन: ती कुणावर पडावी, आणि नायिकेला ते ठाऊक असावं की नसावं?

रानजाई

विषय आवडला. वाचतेय.

अनवट

सुरंगी, अर्जुनाचं निरीक्षण पटलं. पण स्वतः किंमत मोजणारे आपल्याकडेही आहेत की. कर्णाने खोटं बोलून परशुरामांकडून अस्त्र मिळवलं, ऐन वेळी विद्या आठवणार नाही हा शाप त्याच्याच वाट्याला आला. कच तर संजीवनीसाठी तीनदा मेला. तिसऱ्या वेळी दैत्यांनी त्याची राख दारूत कालवून खुद्द शुक्राचार्यांना पाजली.

आणि डोळ्यांचीच गोष्ट लिहिताय तर नवनाथ भक्तिसार विसरू नका. शके १७४१ चा ग्रंथ, आजही घराघरात पारायणं होतात. गोरक्ष भिक्षेला जातो, भिक्षेत वडा मिळतो. मच्छिंद्रनाथांना तो इतका आवडतो की ते आणखी मागतात. गोरक्ष पुन्हा त्याच दारात. घरधनीण म्हणते, गुरूसाठी वडा हवा तर डोळा दे. तो बुबुळ काढून तिच्या हातावर ठेवतो. स्वतः मोजलेली किंमत याहून थेट कुठली असेल?

सुरंगी

अनवट, गोरक्षाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो! वडा कुणाला हवा होता? मच्छिंद्रनाथांना. डोळा कुणाचा गेला? शिष्याचा. पुढे गुरूंनी मंत्राने डोळा परत बसवला हे खरं, पण मागताना त्यांना भाव ठाऊक नव्हता, आणि मला नेमकं हेच छळतंय. माणूस 'आणखी एक' म्हणतो तेव्हा पलीकडच्या दारात काय सौदा होतोय ते त्याला दिसत नाही.

कचाचंही पुढचं बघा. मरण त्याने सोसलं, पण तीनही वेळा 'त्याला परत आणा' म्हणून बापाला गळ घालणारी देवयानी. विद्या मिळाली तसा तो निघाला. तिने शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. त्याने उलट शाप दिला की कुणी ऋषिपुत्र तुझं पाणिग्रहण करणार नाही. आणि शापाचाही कचाला फारसा तोटा झाला नाही, त्याने विद्या देवांना शिकवली आणि त्यांच्याकडून ती चालली. देवांचं काम फत्ते. देवयानी मात्र ययातीच्या घरात जाऊन पडली.

चिंचपोकळीकर

ताई, मी कारखान्यात काम केलंय, आता वयामुळे कमी केलं. तुमची गोष्ट आमच्या कामावर आहे म्हणून लिहितो. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

जादू बाजूला ठेवा. किंमत आमच्याकडे आधीपासून दुसराच मोजतो. पीओपीची मूर्ती साच्यातून निघाली की जोड भरायचे, मग घासकाम. नवीन पोरगा आला की त्याच्या हातात पॉलिश पेपर. सकाळपासून घासत बसायचं. तोंडाला रुमाल बांधतात पण भुकटी आत जातेच. संध्याकाळी पोरं नखशिखांत पांढरी. पापण्यासुद्धा. रात्री झोपताना खोकतात. सीझनला गावाकडून आलेली पोरं तिथेच मांडवात झोपतात, म्हणजे झोपेतपण तीच हवा.

आता आखणीचं. चेहरा घासताना जरा कमी-जास्त झालं, एखादा खडबडीत कण राहिला, तर आखणीची रेघ तिथे फाटते. ब्रश अडकतो. भुवई एका ओढीत यायला पाहिजे, मध्ये थांबलं की संपलं. लोक म्हणतात काय हात आहे! हात आहेच, पण तो गाल आणि कपाळ आरशासारखं कोणी केलं ते कोणी विचारत नाही. आमच्याकडे एक पोरगा होता, त्याने घासलेल्या चेहऱ्यावर ब्रश फिरवायला मिळाला तर आखणीवाले खूष व्हायचे. दोन सीझनने छातीच्या त्रासाने गावी गेला.

तुमच्या नायिकेच्या रेघेखाली एक घासकामवाला पोरगा घाला. नाहीतर गोष्ट अर्धी.

सुरंगी

दादा, लिहायची सवय नाही म्हणता आणि इतकं लिहिलंत! कारखान्यात मी बऱ्याचदा जाऊन बसलेय, पण रेघ फाटते ती घासकामात काय राहिलं त्यामुळे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हा पोरगा पुस्तकात येणार. नायिकेचा धाकटा मावसभाऊ म्हणून आणते.

षड्ज

मी संगीताच्या बाजूने लिहितो. सगळे महत्त्वाकांक्षेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताहेत, ते मला खुपतंय.

केसरबाई केरकर घ्या. १८९२ मध्ये गोव्यातल्या केरीला जन्म. बऱ्याच गुरूंकडे खंडित तालीम झाल्यावर १९२१ मध्ये मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्यत्व घेतलं, आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत शिकत राहिल्या. गंडा बांधला तेव्हा त्या काही कोवळ्या वयाच्या नव्हत्या. तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा मुळापासून स्वर लावायला बसणं, तेही जयपूर घराण्याची ती पेचदार, लयीला घट्ट बांधलेली गायकी! कमाल महत्त्वाकांक्षेशिवाय हे होत नाही. आवाज पूर्वीसारखा लागेना तेव्हा मैफली बंद केल्या. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत कमालीच्या काटेकोर, म्हणून आज त्यांचं गाणं तुटपुंजं उपलब्ध आहे. त्यातली 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये 'नासा'च्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. त्याच वर्षी बाई गेल्या.

इथे किंमत कुणी मोजली? बाईंनी मोजलीच. पण आपणही मोजली. शिकवण्याच्या बाबतीतही त्या तितक्याच कडक होत्या. शिष्या म्हणून नाव घ्यावं तर धोंडूताई कुलकर्णींचं, बाकी जे होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. निर्दोष नसलेलं काही मागे ठेवायचंच नाही, याची किंमत पुढच्या पिढ्यांनी भरली. तरीही मला कुणी विचारलं की केसरबाई थोड्या कमी आग्रही असत्या तर बरं झालं असतं का, तर मी नाही म्हणेन. त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या भैरवीत जो षड्ज लागलाय, तो थोड्या कमी आग्रही बाईला लागला नसता.

सुरंगी, तुमच्या नायिकेला वाईट ठरवू नका एवढंच मागणं. तिचं काम खरोखर थोर असू द्या. वाचकाला ते डोळे हवेहवेसे वाटले पाहिजेत. तरच किंमत ऐकून त्याच्या पोटात गोळा येईल.

अनवट

षड्ज यांना जोरदार अनुमोदन. महत्त्वाकांक्षी बाईला शेवटी अद्दल घडवायची हा प्रकार मराठीत पुष्कळ झाला.

गिरणगावचा

लालबागचं आहे म्हणून दोन गोष्टी. एक, तिथल्या सर्वात प्रसिद्ध गणपतीची सुरुवातच सौद्यातून झालीय. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद पडला, कोळी आणि छोटे व्यापारी उघड्यावर आले. हक्काच्या जागेसाठी त्यांनी नवस केला. जागा मिळाली, १९३४ मध्ये गणपती बसला. नवस म्हणजे कबूल केलेली किंमत, काम झाल्यावर फेडायची. तुमच्या जादूला बाहेरून नियम आणायची गरजच नाही, नवसाचा कायदा त्या गल्लीतल्या पोराटोरांना पाठ आहे. त्यात एक कलम असंही आहे की बोलतो एक आणि फेडतो दुसरा. आईने बोललेला नवस पोराला फेडावा लागतो, पोराला तर विचारलेलंही नसतं.

दुसरं, मामाच्या पिढीत गिरणी कामगारांचा संप येऊ द्या. १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. आमच्या चाळीत बायकांनी खानावळी चालवून, पापड लाटून घरं तगवली. त्यांना कुणी मतदानाला बोलावलं नव्हतं. मामा गिरणीतून कारखान्यात आलेला असेल तर तो भाचीला डोळ्यांपाशी का जाऊ देत नाही याला वेगळं वजन येईल. त्याने एकदा घरच्यांना न विचारता मोठा डाव खेळलेला आहे.

कोळीवाड्यातली

मी वरळीची. गिरणगावचा यांनी कोळ्यांचा विषय काढलाच आहे तर हॉर्नबी वेलार्ड पण घ्या. महालक्ष्मी आणि वरळीमधल्या खाडीवरचा बांध, १७८४ च्या सुमारास पुरा झाला. आख्यायिका सगळ्यांना माहीत असेल: भिंत उभी करावी तर समुद्र ती पाडतो. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराच्या स्वप्नात देवी येते आणि सांगते, मी खाडीत आहे, आधी मला बाहेर काढा. मूर्ती मिळाली, देऊळ बांधायचं कबूल झालं, भिंत टिकली. शहर जोडलं गेलं ते देवीला विचारून, असं आमची आजी म्हणायची.

पण खाडी ज्यांच्या पोटापाण्याची होती त्यांना कुणी विचारल्याचं गोष्टीत नाही.

आमच्या डोळ्यांदेखत परत तेच. कोस्टल रोडच्या पुलाचे दोन खांब क्लीव्हलँड बंदरातून बोटी निघतात त्या वाटेवर, मधलं अंतर ६० मीटर ठरलेलं. भरतीला, वाऱ्यात बोट ६० मीटरमधून काढायची म्हणजे काय हे बोटीवर असलेल्यालाच कळतं. लोकांनी काम अडवलं, भांडले, तेव्हा ते १२० झालं. मागितलं होतं त्याहून कमीच, पण झालं. तर फॅन्टसी लिहिणाऱ्यांना माझं सांगणं, किंमत ज्याच्यावर पडते तो गप्प बसतो असं धरून चालू नका. तो अडवतो. भांडतो. मोजून घेतो. तुमच्या मावसभावाला तोंड द्या.

माईआजी

सुरंगी, सगळे प्रतिसाद वाचले. तुम्ही सगळे इतकं लांबलांबचं आणताय आणि आपली श्रावणातली सोमवारची कहाणी कुणालाच कशी आठवली नाही? खुलभर दुधाची.

राजाला वाटलं महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. किती सुंदर इच्छा आहे ती, वाईट काहीच नाही. दवंडी पिटली, गावातलं सगळं दूध सोमवारी देवळात आणा. धाक एवढा की लोकांनी वासरांना प्यायला सोडलं नाही, मुलांना दिलं नाही, घरात थेंब ठेवला नाही. सगळं ओतलं. गाभारा भरला नाही.

दुपारी एक म्हातारी आली. तिने घरातलं काम आटपलं होतं, मुलाबाळांना घातलं होतं, लेकीसुनांना न्हाऊ-खाऊ घातलं होतं, वासरांना चारा घातला होता. मग उरलं ते खुलभर दूध घेऊन आली. ओतलं आणि गाभारा भरला. राजाला पत्ता लागेना. पुढच्या सोमवारी पाळत ठेवली, तरी छडा लागेना. शेवटी स्वतः बसला आणि तिला धरली. ती भ्यायली, त्याने अभय दिलं. तेव्हा तिने सांगितलं की तुझ्या हुकुमाने वासरांचे नि मुलांचे आत्मे तळमळले, मोठ्यांनी हाय हाय केलं, ते देवाला आवडत नाही, म्हणून गाभारा भरत नाही.

तुझ्या सगळ्या गोष्टींत, अर्जुन, ययाती, गोरक्ष, किंमत दुसऱ्याने मोजली आणि जादू तरीही चालली. या कहाणीत जादूच नाही म्हणते. दूध खरं आहे, भक्तीसुद्धा असेल, पण दुसऱ्याच्या तोंडचं काढून आणलेलं, म्हणून गाभाऱ्याला पोहोचत नाही. तुझे डोळे असे का करत नाहीत? ती निर्दोष रेखेल, रेघ न रेघ जागच्या जागी, आणि डोळे बघणार नाहीत.

रानजाई

माई, अंगावर काटा आला. दर श्रावणात ऐकलेली गोष्ट, अशी कधी ऐकलीच नव्हती.

षड्ज

माईआजी, कहाणी अप्रतिम आणि या धाग्यावर अगदी चपखल. पण कादंबरीसाठी एक भीती वाटते. जादू स्वतःच नीतिमान निघाली तर नायिकेला काही ठरवावं लागत नाही. देव परस्पर निकाल देतो. राजाचं बरं होतं, गाभारा भरला नाही हे त्याला दिसत होतं. आपल्या जगात गाभारे भरतात हो. वासरं उपाशी ठेवून भरतात आणि ते भरलेले पाहून लोक हात जोडतात. मीही जोडतो.

माईआजी

षड्ज, बरोबर आहे तुमचं. गाभारे भरतात. पण कहाणी 'असं होतं' म्हणून सांगत नाहीत, 'असं व्हावं' म्हणून सांगतात. म्हणून हातात तांदूळ घेऊन ऐकायची असते. आणि एक विसरू नका. म्हातारीने देवाला कमी दिलं नाही. आधी ज्याचं त्याला दिलं आणि मग आपल्या वाट्याचं सगळं नेलं. तिची इच्छा राजापेक्षा लहान नव्हती. तिलाही गाभारा भरायचाच होता.

अनवट

मला दोन्ही पटतंय आणि त्यातून एक वाट दिसतेय. ययातीकडे परत चला. आपण सगळे पुरूबद्दल बोलतो, पण ययातीने पाच मुलांना विचारलं होतं. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू, चौघांनी नाही म्हटलं. आणि चौघांनाही त्याने शाप दिले, राज्यावरून बाजूला सारलं. पुरूचा होकार कुठल्या हवेत आला ते बघा. आधीच्या चौघांचं काय झालं हे पाहून आलेला होकार तो.

नायिकेला ठाऊक असावं की नसावं, या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. जादूचा नियम असा करा की तिने विचारल्याशिवाय ती चालतच नाही. समोरासमोर, नाव घेऊन: तुझ्या नजरेतली थोडी देतोस का? होकार मिळाला तर डोळे बघतील. म्हणजे जादू नीतिमान नाही, ती फक्त अज्ञानाची सोय ठेवत नाही. राजाला दवंडी पिटता येते, इथे पिटता येणार नाही.

कोळीवाड्यातली

आणि विचारणारी नाव झालेली, पैसे आणणारी ताई. उत्तर देणारा घासकामवाला भाऊ, तिच्याच कारखान्यात झोपणारा. तो 'नाही' म्हणू शकतो का? ६० मीटर ठरवणाऱ्यांनीही 'चर्चा केली' असंच म्हटलं असतं. होकार मिळाला एवढ्यावर तिला सोडू नका.

सुरंगी

इतक्या प्रतिसादांनंतर मला माझं पुस्तक पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसतंय. सविस्तर लिहिते.

अनवटांचा नियम घेते. विचारावंच लागेल. विद्या मिळते तेव्हाच तिला हा नियम कळतो आणि तिला वाटतं, अरे, हे तर सोपं आहे, मी जबरदस्ती थोडीच करणार आहे. पहिल्यांदा ती विचारते आजीला. आजी हसत देते, तिला मोतीबिंदूने तसंही कमीच दिसतंय. मग आईला. आई विचारतच नाही कशासाठी. ही दोन प्रकरणं मी जवळजवळ आनंदाची लिहिणार आहे, षड्ज म्हणतात तसे डोळे खरोखर हवेहवेसे वाटले पाहिजेत. आजीच्या नजरेतून उतरलेली मूर्ती बघायला आख्खी चाळ येते आणि आजी तिच्यासमोर बसून रडते, समाधानाने.

मग नकार सुरू होतात. मैत्रीण नाही म्हणते. मामा नाही म्हणतो, आणि संपाचं जे काही त्याच्या पोटात आहे ते पहिल्यांदा बाहेर येतं (गिरणगावचा, आभार). मला आता या नकारांतच सगळ्यात जास्त रस वाटतोय. नायिका शाप देत नाही, तिच्याकडे तसली शक्ती नाही. पण नाही म्हणणाऱ्यांशी तिचं वागणं बदलतं. मैत्रिणीचा फोन उचलत नाही. मामाच्या नावाची पाटी उतरते. आजच्या मुंबईत शाप याहून वेगळा कसा दिसेल?

आणि मग उरतो भाऊ. कोळीवाड्यातली, तुमचा शेवटचा मुद्दा मी टेबलासमोर लिहून लावलाय. तो हो म्हणेल, पण तोंडाने नुसतं हो म्हणणार नाही. तो मोजून मागेल. काय ते मला अजून ठरवायचंय, पण गावी परतायचे पैसे आणि घासकामाला मास्क असलं माफक काही नको. त्याने ब्रश मागावा असं वाटतंय.

माईआजी, खुलभर दूध पुस्तकात येणार, कहाणी म्हणूनच, आजीच्या तोंडून. ते ऐकून नायिका बदलत नाही. राजासारखी तीही विचारते, मग माझा गाभारा का भरतोय? आजीकडे उत्तर नसतं.

चिंचपोकळीकर दादा, एक कामाचं विचारते. मोठ्या मूर्तीची, वीस-बावीस फुटी, आखणी करताना वर एकटाच कारागीर असतो का?

चिंचपोकळीकर

एकटा कधीच नसतो. परांचीवर तो, बाजूला एक जण रंगाची वाटी आणि लाइट धरून. आणि खाली एक लागतोच, तो महत्त्वाचा. वर चेहऱ्याला नाक लावून बसलेल्याला एकच डोळा दिसतो, दोन्ही एकदम दिसत नाहीत. नजर सरळ आहे का तिरकी, वरचा डोळा खाली आला का, हे त्याला कळत नाही. खालचा लांब उभा राहून ओरडतो, डावा जरा वर, बुबुळ आत घे. तसं वरचा करतो. खालचा माणूस चांगल्या नजरेचा लागतो आणि खोटं न बोलणारा लागतो. आमच्याकडे ते काम घासकामवाल्या पोरालाच द्यायचे, कारण त्या चेहऱ्याचा कण न कण त्याला पाठ असतो.

अनवट

सुरंगी, हे वाचलंत ना?

सुरंगी

वाचलं. म्हणजे ज्याची नजर ती मागणार आहे, त्याच्याच नजरेवर तिची रेघ अवलंबून. त्याने दिली की खालून सांगणारा कुणी उरत नाही, आणि हे त्याला आधीपासून ठाऊक आहे, तिला नाही. ते प्रकरण आता मधलं सगळं सोडून आधी लिहायला घेते. दादा, खालून सांगतानाचे शब्द जसेच्या तसे हवेत. डावा-उजवा मूर्तीचा धरतात की बघणाऱ्याचा?

चिंचपोकळीकर

मूर्तीचा. नेहमी मूर्तीचा. नवीन पोरगं तिथेच गोंधळतं.